दप्तरी दाखल

मुलगी : पुन्हा तिथेच! एकसष्ट टक्के झाले की याच्या अंगात येतं. “एक काम अपूर्ण आहे, ते झाल्यावर पुन्हा प्रयत्न करा.” कसलं काम? कुणाचं काम? सकाळपासून चौथ्यांदा!

बाबा : ओरडल्यानं ते पुढे सरकणार आहे का?

मुलगी : न ओरडता तरी कुठे सरकलं? पंखा ऐका याचा. बारा वर्षं झाली बाबा या कंप्युटरला.

बाबा : बारा वर्षांत मला त्यानं एकदाही त्रास दिला नाही. तू हात लावलास आणि बिघडला.

मुलगी : वा! म्हणजे मीच पांढऱ्या पायाची. चार तास मांडीवर घेऊन बसले मी हा नवा कंप्युटर, बसमध्ये. तुमची ईमेलं आणि पत्ते यातून काढून त्यात टाकायचे, एवढं एकच काम. ऑफिसात मी हे अर्ध्या तासात करते. इथे दुपारचे दोन वाजले, साडेपाचची माझी बस आहे, आणि आपलं अजून नमनालाच घडाभर तेल चाललंय.

बाबा : तुझ्या ऑफिसात कुणी मोजून घेत नसेल. मी मोजून घेतो. पत्ते किती आले ते सांग.

मुलगी : मघाशी सांगितलं. तीनशे अकरा.

बाबा : तीनशे बारा होते.

मुलगी : बाबा, एकानं काय...

बाबा : एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळली मी. आलेला कागद आवकमध्ये, गेलेला कागद जावकमध्ये. एकतीस वर्षांत एक चिटोरं इकडचं तिकडे झालं नाही. आणि माझ्याच घरात, माझीच मुलगी मला सांगते, एकानं काय होतंय?

मुलगी : त्या तीनशे अकरांत कोण कोण आहे ते बघितलंय मी. “प्लंबर, खोटारडा.” “प्लंबर, बरा.” “प्लंबर, बरा पण येत नाही.” “दातांचे डॉक्टर.” “दातांचे डॉक्टर, कैलासवासी.” कैलासवासी माणसाला ईमेल कोण पाठवतं?

बाबा : पाठवायचा प्रश्नच नाही. माणूस गेला म्हणून नोंद खोडायची नसते. शेरा मारायचा आणि ठेवायची.

मुलगी : मग राहिलेला एक असाच कुणीतरी शेरेवाला असेल. सोडा ना.

बाबा : तो एक पाहिजे.

मुलगी : बरं, नाव सांगा. हातानं टाइप करते. अर्ध्या मिनिटाचं काम.

बाबा : नावाशी तुला काय करायचंय? आकडा जुळला पाहिजे.

मुलगी : नाव न सांगता आकडा कसा जुळवू? माझंच नाव दोनदा घालू?

आई : चहा घ्या आधी. मी आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसलेय, तरी मशीनच्या वर तुमचा आवाज येतोय. घोडं कुठे पेंड खातंय?

मुलगी : दोन घोडी आहेत आई. एक म्हणजे ईमेलं एकसष्ट टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. दुसरं म्हणजे तीनशे बारांतला एक माणूस हरवलाय, आणि बाबा म्हणतात तो पाहिजेच, पण कोण ते सांगत नाहीत.

आई : सांगायला कशाला हवं? त्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे.

बाबा : तू आपली मशीन चालव.

आई : चालवते की. पण पोरगी ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतेय तो कोण, ते तरी कळू दे तिला.

मुलगी : थांब, थांब. काका का?

बाबा : चहात साखर कमी आहे.

मुलगी : बाबा, तो एक म्हणजे काका आहेत का?

आई : साखर बरोबर आहे.

मुलगी : जुन्यातच बघते. ध... धाकटा. हे बघा, आहे इथे. पण पुढे लाल रेघ मारलीये. तुम्ही यांना अडवून ठेवलंय. अडवलेला माणूस यादीबरोबर पलीकडे जात नाही. म्हणून एक कमी. सुटलं कोडं!

बाबा : मी कुणालाही अडवलेलं नाही. कंप्युटर दुरुस्तीवाले एकदा आले होते, त्यांना एवढंच सांगितलं की या माणसाचं काही आलं तर माझ्या नजरेसमोर येऊ नये. आणि फेकायचंही नाही. दप्तरी दाखल करायचं. त्यांनी तसं करून दिलं.

मुलगी : दप्तरी दाखल म्हणजे?

बाबा : म्हणजे कागद घ्यायचा. त्यावर कारवाई नाही, उत्तर नाही. फाडायचाही नाही. दप्तरात बांधून ठेवून द्यायचा.

मुलगी : माणसाला?

बाबा : माणसाच्या पत्रांना.

मुलगी : म्हणजे काकांची पत्रं येतायत? इतकी वर्षं?

बाबा : मला माहीत नाही. मी ते दप्तर उघडत नाही.

मुलगी : आई, तुला हे माहीत होतं?

आई : मला एवढंच माहीत की दोघं बोलत नाहीत. पत्रं येतायत का, मी कितीदा विचारलं. हे म्हणायचे, माझ्यासमोर काही आलं नाही. आता कळलं, खरंच बोलत होते! समोर येऊच दिलं नाही तर येणार कुठून?

मुलगी : बाबा, काकांनी असं केलं तरी काय?

बाबा : काही केलं नाही. तेच तर दुखणं आहे. काही म्हणजे काहीच केलं नाही त्यानं.

मुलगी : सरळ सांगा.

बाबा : तुझी आजी गेली तेव्हा हा कुठल्याशा नदीवर, पुलाच्या वेल्डिंगला. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी त्याला एका शब्दानं बोललो नाही. धंदाच तसा त्याचा, आज या नदीवर, उद्या त्या नदीवर. जाताना दारात थांबून म्हणाला, दादा, आईनं माझ्यासाठी काही ठेवलंय का? म्हटलं बघतो. महिन्यानं तिची ट्रंक उघडली. तळाशी पाकीट, त्याच्या नावाचं. आत अकरा पानं. शेवटी शेवटी तिला चमचा धरवत नव्हता, त्या हातानं लिहिलेली.

आई : आणि मला वाटायचं, म्हातारी दुपारची शब्दकोडं सोडवत बसते.

बाबा : पोस्टानं पाठवावं तर याला पत्ता नाही. म्हणून अस्सलबरहुकूम नक्कल काढून घेतली, अकराच्या अकरा पानांची, आणि ईमेलनं पाठवली. बरोबर चार ओळी लिहिल्या. उत्तर काय आलं? शून्य. “मिळालं”, एवढी तीन अक्षरं नाहीत! आईच्या शेवटच्या पत्राची पोच द्यावीशी वाटली नाही त्याला. महिनाभर वाट बघितली मी. रोज सकाळी अंघोळीच्या आधी कंप्युटर उघडायचो. मग म्हटलं, बस्स. दप्तरी दाखल.

मुलगी : तुम्ही त्यांना विचारलं का, मिळालं का म्हणून?

बाबा : मी का विचारू? पाठवणाऱ्यानं विचारायचं नसतं. घेणाऱ्यानं पोच द्यायची असते.

मुलगी : अहो, हे काय पाणीपट्टीचं स्मरणपत्र होतं का? फोन करायचा!

बाबा : त्याचा आला होता. दोनदा. घेतला नाही.

आई : मग त्यानंही सोडलं. हे शेर तर तो सव्वाशेर. मागच्या वर्षी मीच चोरून लावून बघितला त्याचा नंबर. ती बाई म्हणते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. आपला माणूसच अस्तित्वात नाही असं वाटलं मला ते ऐकून.

बाबा : तू फोन केला होतास? मला न सांगता?

आई : तुम्हाला सांगितलं असतं तर मलाही दप्तरात बांधून ठेवलं असतं.

मुलगी : भांडा तुम्ही. मी पाचव्यांदा बटण दाबते. चाळीस... पन्नास... अठ्ठावन्न... चल रे, चल राजा, एकदा... साठ... एकसष्ट. गेलं! पुन्हा तेच अपूर्ण काम! मी हा कंप्युटर खिडकीतून टाकून देईन हं आता.

बाबा : दुसऱ्या मजल्यावरून वस्तू टाकायची नसते.

मुलगी : कसलं काम अपूर्ण आहे याचं? सगळं बंद केलंय मी. एकही खिडकी उघडी नाही. फक्त हे खाली कोपऱ्यात, आउटबॉक्सच्या पुढे एक आकडा दिसतोय. एक.

बाबा : ते बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस.

मुलगी : काय आहे ते?

बाबा : आउटबॉक्स म्हणजे जावक. तिथे एक नोंद आहे. मला माहीत आहे ती. रोज बघतो मी.

मुलगी : रोज बघता?

बाबा : तेच ते पत्र आहे. आजीचं. मी पाठवलं याचा पुरावा आहे तो. उद्या तो उगवला आणि म्हणाला, दादा, तू पाठवलंच नाहीस, तर मी त्याला इथे बोट ठेवून दाखवणार आहे. हे बघ, जावकमध्ये आहे.

मुलगी : बाबा...

बाबा : काय?

मुलगी : आउटबॉक्समध्ये गेलेली पत्रं नसतात.

बाबा : मग काय असतं?

मुलगी : जायची राहिलेली असतात.

बाबा : काहीतरी बोलू नकोस.

मुलगी : खरं सांगते.

बाबा : अगं, जावकच्या ट्रेमध्ये कागद ठेवला की माझी जबाबदारी संपली. चार वाजता शिपाई येणार, उचलणार, घेऊन जाणार. एकतीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की ट्रेमध्ये ठेवलं आणि गेलं नाही.

मुलगी : इथे शिपाई आलाच नाही, बाबा. गेलेली पत्रं इकडे असतात, या “सेंट”मध्ये. बघा, प्लंबरला लिहिलेलं आहे, माझ्या वाढदिवसाचं आहे, पेन्शनचं आहे.

बाबा : ती मला वाटलं कार्यालयीन प्रत. आपल्याकडे ठेवायची.

मुलगी : आणि हे एकच वेगळं का पडलंय, असं नाही वाटलं तुम्हाला?

बाबा : वाटलं. म्हटलं, मोठं पत्र आहे. महत्त्वाचं. रजिस्टर केल्यासारखं वेगळं ठेवलं असेल त्यानं.

आई : थांबा हो जरा. मला नीट कळू दे. म्हणजे ते पत्र त्याला मिळालंच नाही?

मुलगी : नाही आई. बाबांनी अकरा पानं अशी काही मोठी करून जोडलीयेत की एका पत्रातून ती जाऊच शकत नव्हती. दारातून कपाट जात नाही, तसं. एकेक पान नऊ एमबीचं.

बाबा : मीच सांगितलं होतं दुकानात. जास्तीत जास्त स्वच्छ काढा, अक्षराचा एक काना पुसट होता कामा नये. आईचं अक्षर होतं ते.

मुलगी : पण कंप्युटरनं सांगितलं असेल ना तुम्हाला, जात नाहीये म्हणून?

बाबा : इंग्रजीत एक चौकट यायची. मी ओके दाबायचो.

मुलगी : किती वेळा?

बाबा : रोजच यायची ती.

मुलगी : आणि हेच ते अपूर्ण काम. सकाळपासून हेच आडवं पडलंय आपल्यासमोर.

बाबा : तारीख काय आहे त्याच्यावर?

मुलगी : बाबा, तारीख कशाला आता...

बाबा : तारीख वाच.

मुलगी : नऊ मार्च. सहा वर्षांपूर्वीची.

आई : खुर्चीत नीट बसा तुम्ही. असे अर्धे नका उभे राहू. पाणी घ्या.

बाबा : पाणी नको मला. ठमाबाई, ते दप्तर उघड.

मुलगी : नक्की?

बाबा : उघड म्हणतो ना.

मुलगी : “दप्तरी दाखल.” नऊ आहेत. एकही वाचलेलं नाही. सगळ्यांत पहिलं वाचू?

बाबा : तारीखवार वाच.

मुलगी : हे वीस एप्रिलचं, त्याच वर्षीचं. “दादा, नव्या कामावर पोचलो. इथे टेकडीवर चढलं की नेट लागतं, म्हणून रविवारीच बघता येतं. ट्रंक उघडलीस का? आईनं काही ठेवलं असेल तर कळव. घाई नाही. वहिनीला नमस्कार, आणि ठमीला सांग, काका पुलावरून खाली बघून तिची आठवण काढतो.”

आई : घाई नाही म्हणे.

मुलगी : पुढचं वाचू?

बाबा : शेवटचं वाच.

मुलगी : हे चौदा महिन्यांपूर्वीचं. “दादा, मी आता परत विचारणार नाही. आईनं माझ्यासाठी काहीच ठेवलं नसेल, तर एकदा तसं लिही. ती गेली तेव्हा मी नव्हतो, तेव्हा ती माझ्यावर रागावूनच गेली, असं मी धरून चाललोय. त्याची सवय झालीये. पण तू एकदा ‘नाही’ म्हणालास की निदान वाट बघायचं तरी थांबेल.”

आई : अरे देवा.

बाबा : बस. बाकीची ठेव. सात राहिली ना? ती मी वाचीन. एकटा.

मुलगी : बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत.

बाबा : मुद्दाम केलं असतं तर एक वेळ माफी तरी मागता आली असती. मी काय केलं? नियमानं केलं. जावकमध्ये ठेवलं म्हणजे गेलं, पोच नाही म्हणजे माणूस नालायक. सहा वर्षं रोज त्या आकड्याकडे बघून मी त्याला शिव्या घातल्या. आणि तो तिकडे धरून चाललाय की ती रागावून गेली. अगं, अकरा पानं कुणी रागावून लिहितं का?

आई : काय लिहिलंय त्यात?

बाबा : मी वाचलेलं नाही. दुसऱ्याच्या नावाचं पत्र वाचायचं नसतं.

आई : अकरा पानांची नक्कल काढलीत आणि एक ओळ वाचली नाही?

बाबा : पहिली ओळ दिसली. डोळे काय मिटून घेणार होतो? “बाळा, तुला यायला उशीर होणार हे मला माहीत आहे, म्हणून मी आधीच बोलून घेते.”

आई : रडत काय बसलीस? तुला येतं ना हे सगळं? पाठव ते.

मुलगी : पाठवते. दोन मिनिटं द्या. पानं लहान करून घेते, म्हणजे सगळी एकदम...

बाबा : लहान करायची नाहीत.

मुलगी : बाबा, वाचायला काही फरक पडत नाही हो.

बाबा : तिचा हात कापत होता तो दिसला पाहिजे त्याला. लहान केलंस की ते सगळं सरळ दिसणार.

मुलगी : मग ती सुटी करते. एका पत्राला एक पान. आधी हे अडकलेलं इथून बाहेर काढू द्या.

बाबा : खोडतेस?

मुलगी : खोडत नाही. तुमच्या चार ओळींसकट उतरवून ठेवते, त्याच तारखेनं. झालं. आउटबॉक्स रिकामा. आता सहाव्यांदा. पन्नास... साठ... एकसष्ट... बासष्ट! आई, बासष्ट! सत्तर... सुटला एकदाचा!

बाबा : पत्ते.

मुलगी : हो हो, पत्ते. धाकटा. रेघ काढली. झाले तीनशे बारा. पुढे काही शेरा?

बाबा : शेरा नको.

मुलगी : नव्यावरून पाठवते आता. हे पहिलं पान जोडलं. वर काय लिहू?

बाबा : लिही. उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की...

आई : अहो, भाऊ आहे तो! पाण्याची लाइन तोडतोय का आपण त्याची?

बाबा : मग मला नाही सुचत. तू सांग.

आई : मी कशाला सांगू? सहा वर्षं गप्प कोण बसलं होतं?

बाबा : लिही. “आईनं तुझ्यासाठी पत्र ठेवलंय. अकरा पानं. पहिलं जोडलंय. ती रागावली नव्हती. उशीर माझ्याकडून झाला. दादा.”

मुलगी : पाठवू?

बाबा : पाठव. गेलं?

मुलगी : गेलं.

बाबा : कशावरून?

मुलगी : हे बघा. सेंट. तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि आउटबॉक्स इथे, कोरा.

बाबा : चार वाजून दहा मिनिटं. लिहून ठेव कुठेतरी.

(पाऊण तास. मुलगी बॅग भरते. आतून शिवणाच्या मशीनचा आवाज थांबून थांबून येतो. बाबा नव्या कंप्युटरसमोरून हललेले नाहीत.)

मुलगी : बाबा, एकटक बघून पत्र येत नाही.

बाबा : आलेलं नाही.

मुलगी : आज रविवार आहे, टेकडीवर चढले असतील तर बघतील. नाहीतर पुढच्या रविवारी.

बाबा : पत्ता बदलला असेल. फोनचा नंबर बदलला तसा. किंवा त्यानंच मला दप्तरी दाखल केलं असेल. करणारच. चौदा महिन्यांपूर्वीच म्हणाला, परत विचारणार नाही.

आई : तुम्ही सहा वर्षं लावलीत, त्याला एक तास तरी द्या.

बाबा : मी तक्रार करत नाहीये. होतं असं. नव्या कंप्युटरवर सगळं आलं का तेवढं तपासतोय.

मुलगी : सगळं आलं. मी निघू का आता? रिक्षा मिळायलाच वेळ लागतो.

बाबा : निघ. फक्त एक आकडा जुळत नाही.

मुलगी : बाबा! पुन्हा?

बाबा : दप्तरी दाखल. सात होती न वाचलेली. मी मोजून ठेवली होती. इथे आठ दिसतात.

मुलगी : उतरवताना एखादं दोनदा आलं असेल. होतं असं.

बाबा : दोनदा आलं तर दोन्हीवर तारीख एकच असेल. बघ.

मुलगी : काय माणूस आहात तुम्ही. रिक्षा, बस, सगळं... थांबा. अरे! बाबा, तो नियम!

बाबा : कोणता?

मुलगी : दुरुस्तीवाल्यांनी करून दिलेला! काकांचं काहीही आलं की समोर न दाखवता सरळ दप्तरात टाकायचं. रेघ मी काढली, नियम राहिला. तोही आला ना नव्यावर. तुम्हालाच सगळं जसंच्या तसं हवं होतं.

आई : म्हणजे पोरानं उत्तर दिलं आणि तुम्ही ते पुन्हा दप्तरात बांधलंत!

बाबा : वेळ काय आहे त्याच्यावर?

मुलगी : चार एकोणीस. नऊ मिनिटांत, बाबा. नऊ मिनिटांत आलंय.

बाबा : वाच. नको, थांब. हं, वाच.

मुलगी : “दादा, मिळालं. अक्षर आईचंच. तिसऱ्या ओळीच्या पुढे मला वाचवत नाहीये, पण वाचतो. पुढचं पाठव.”

आई : माझा चष्मा कुठे ठेवला मी?

मुलगी : डोक्यावर आहे आई. बाबा, पाठवते हं. दहा पानं, दहा पत्रं. पाच मिनिटांत सगळी जातील, मग पळते.

बाबा : नको.

मुलगी : नको काय? ते वाट बघतायत!

बाबा : आधी तो नियम काढ. मग दुसरं पान पाठव. एकच.

मुलगी : आणि बाकीची?

बाबा : त्याचं उत्तर आल्यावर तिसरं. मग चौथं. मला दाखवून ठेव, मी पाठवीन. दहा वेळा लिहावं लागू दे त्याला मला.